तिसरी पोळी

दोन हजार एकोणीस साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो आणि सोफ्यावर बसून राहायचं काम मला जमत नव्हतं. बायको गेल्यावर मुलानं, प्रशांतनं, मला कामठीहून उचलून इकडे टेक्सासात आणलं. गावाचं नाव प्लेनो. घर एवढं मोठं की वरच्या खोलीतल्या माणसाला जेवायला बोलवायचं तर खालून फोन करतात. सकाळी सगळे आपापल्या गाड्या काढून जात आणि मी खिडकीतून रस्ता पाही. रस्त्यावर गाड्याच गाड्या, माणूस एक नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाविषयी लिहा, असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी सांगितलं की मी चौथी पास आहे. त्या म्हणाल्या, काका, जसं बोलता तसं लिहा. तसं लिहिलंय. शुद्धलेखन त्यांचं, बाकी सगळं माझं.

तर मी पायी फिरायला लागलो. पहिल्या दिवशी पोलिसाची गाडी शेजारी येऊन थांबली. इकडे म्हातारा माणूस पायी चालला म्हणजे तो हरवला असं धरतात. त्यानं मला घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी मी उलट्या बाजूनं गेलो. मोठा रस्ता ओलांडला, दुकानांची एक रांग लागली, आणि खमिराचा वास आला. ज्यानं नवव्या वर्षापासून पावाच्या भट्टीवर काम केलंय त्याला तो वास सांगावा लागत नाही. मी आत गेलो. गल्ल्यावर एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस होता, आणि मागे भट्टीत काहीतरी करपत होतं. मी त्याला तसं बोटानं दाखवलं. तो पळत आत गेला, मीही मागोमाग गेलो, आणि पुढची चार वर्षं तिथेच राहिलो.

त्याचं नाव काझबेक. तो ओसेतिन. हे कोण लोक असतात ते मलाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल. रशियाच्या खाली काकेशसचे डोंगर आहेत, त्या डोंगरांच्या दोन्ही अंगांना हे राहतात. लोक थोडे, भाषा वेगळी, शेजारी सगळे मोठमोठे. इथे डॅलसच्या आसपास त्यांची मोजकी घरं. काझबेक तिकडे ट्रक चालवायचा, इकडे येऊन बेकरीवाला झाला. दहाला ते 'दस' म्हणतात. हे कळलं त्या दिवशी मला उगाच बरं वाटलं.

आमची बोलणी कशी होत, असं प्रशांत नेहमी विचारायचा. काझबेकची अर्धी इंग्रजी आणि माझी पाव, दोन्ही मिळूनही एक धड होत नव्हती. पण कामाला तेवढी पुरते. दुकानात मराठी पोट्टे यायचे, युनिव्हर्सिटीत शिकणारे, ते मला काका म्हणायचे. ते ऐकून काझबेकही काका म्हणायला लागला, मग त्याची बायको झालिना, मग गोरी गिऱ्हाइकंही. त्यांना वाटायचं माझं नावच काका आहे.

आता कामाविषयी. दुकानात साधे पाव असायचे, पण खरा माल म्हणजे त्यांची भरलेली पोळी. मी तिला पोळीच म्हणतो. पीठ पुरणपोळीच्या कणकेहूनही सैल, खमीर घातलेलं. सारण चीजचं, नाहीतर बीटच्या पाल्याचं, नाहीतर मांसाचं. सारणाचा गोळा पिठाच्या गोळ्याहून मोठा घ्यायचा. तो मधे ठेवून कडा वर आणायच्या, मिटायच्या, उलटं करायचं आणि लाटणं न लावता हातानं थापत थापत परातीएवढं न्यायचं. मधोमध बोटानं भोक पाडायचं, वाफ जायला. ते विसरलं तर भट्टीत फुगून फाटते. बाहेर काढली की वरून लोणी. पीठ जितकं पातळ तितकी करणारी हुशार. जाड निघाली तर त्यांच्या म्हाताऱ्या बाया म्हणतात, घरात नवी सून आलेली दिसते.

ही पोळी त्यांच्यात बायकांनीच करायची. प्रार्थनेच्या टेबलावर जाणार असेल तर नक्कीच. डोकं झाकून, आणि पिठात हात असताना तोंड बंद ठेवून. पण झालिनाचा उजवा खांदा गेला. तिच्याच्यानं हात वर होईना. मी करतो म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी आपल्याकडची सासू नैवेद्याला हात लावणाऱ्या जावयाकडे पाहील. दोन महिने तिनं मला फक्त मांसाच्या विक्रीच्या पोळ्या करू दिल्या. मग एक दिवस माझ्या हातची पोळी उजेडाकडे धरून तिनं कापलेली कड पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची ऑर्डर माझ्याकडे आली. टोपी मी घालतच होतो. तोंड बंद ठेवणं मला नवीन नव्हतं. कामठीच्या मालकासमोर कोण बोलत होतं?

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गोरा दर शुक्रवारी यायचा आणि झाकणवाला पिझ्झा द्या म्हणायचा. शेजारच्या फ्रिस्को गावाहून एक मराठी काकू आल्या. त्यांना अंडं नको, लसूण नको, मैदा नको, चीज तर नकोच. मी म्हटलं, ताई, मग भोक तेवढं उरतं, ते घेऊन जा. त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र नवऱ्याला पाठवून मांसाच्या दोन नेल्या.

दोनवरून आठवलं. माझ्या हातून तिथे एक घोटाळा झाला. मी अजूनही म्हणतो की आधी सांगायला पाहिजे होतं. आपल्याकडे एका ताटात तीन पोळ्या वाढत नाहीत. तीन ठेवायच्या त्या मेलेल्या माणसासाठी. माझी आई तिसरी भाकरी वाढायची वेळ आली की तिचे दोन तुकडे करून टाकायची. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. देव्हारा गेला, उपासतापास गेले, पण हे आईच्या हातातून गेलं नाही आणि माझ्याही नाही. तर एका ओसेतिन घरी बाळ झालं म्हणून तीन पोळ्यांची ऑर्डर होती. लेकराचं कार्य आणि तीन? मी आपल्या मनानं चौथी घातली, माझ्याकडून म्हणून, आणि खोकी बांधून दिली.

काझबेकनं भट्टीजवळ चार रिकामे तवे पाहिले आणि हिशेब लावला. तो जो ॲप्रनसकट पळत सुटला तो पार्किंग ओलांडून, सिग्नलला थांबलेल्या गाडीची काच ठोकून, चौथं खोकं परत घेऊन आला. श्वास लागला होता. आम्ही दोघं मागच्या दारात बसून ती पोळी खात होतो तेव्हा त्यानं मला समजावलं. त्यांच्यात शुभाला तीन. एक देवाची, एक सूर्याची, एक जमिनीची. टेबलावर एकावर एक ठेवतात आणि थोड्या सरकवून ठेवतात, म्हणजे वरून पाहणाऱ्याला तिन्ही दिसाव्यात. माणूस मेला की दोनच, कारण मेलेल्याला सूर्य नाही. सम आकडा म्हणजे मयत. मी चार पाठवून त्या बाळाचं घर सुतकात घातलं होतं. मग मी त्याला आमचा नियम सांगितला. तो बराच वेळ चघळत बसला आणि म्हणाला, म्हणजे तुमच्यात मेलेल्याला जिवंतापेक्षा जास्त मिळतं. मी म्हटलं, जिवंतपणी मिळत नाही ना, म्हणून.

त्याच्या प्रार्थनेला मी थांबत नसे. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस मी. त्यांच्या टेबलावर घरातला वडीलधारा पेला हातात घेऊन देवाचं, मग त्यांच्या एका घोडेस्वार संताचं नाव घेतो, आणि बाकीचे पुरुष 'ओम्मेन', म्हणजे तसंच होवो, म्हणतात. मी तेव्हा आत भट्टीजवळ असे. काझबेकनं एकदाच विचारलं, मी एकदाच सांगितलं, पुन्हा विषय निघाला नाही.

रविवारी तिकडून फोन यायचा. काझबेकचा मोठा भाऊ बात्राज. तो डोंगरातल्या त्यांच्या मूळ गावी राहायचा. पोटापाण्यासाठी सगळे शहरात उतरले, एकटा तोच वर राहिला. त्यांच्यात प्रत्येक आडनावाचं एक गाव असतं आणि गावात त्या आडनावाचा दगडी बुरूज. काझबेकच्या आडनावाचा बुरूज वरून ढासळलेला होता, पण उभा होता. बात्राज फोन हातात धरून आधी तो बुरूज दाखवायचा, मग सफरचंदाचं झाड, मग घरातली चूल आणि चुलीवर टांगलेली लोखंडी साखळी. ती साखळी म्हणजे घर. ती हलवत नाहीत, तिच्यावर हात ठेवून शपथ घेतात. ती थोरल्याकडेच राहते. दर रविवारी तेच दाखवायचा आणि दर रविवारी काझबेक नवीन असल्यासारखं पाहायचा. शेवटी बात्राज माझ्याविषयी विचारायचा. मग काझबेक फोन भट्टीकडे वळवायचा आणि मी हात वर करायचो. बात्राजला इंग्रजी येत नव्हती. तो मला काहीतरी लांबलचक सांगायचा, मी त्याला मराठीत सांगायचो की थंडी आहे, मफलर बांध. असं आमचं तीन वर्षं चाललं.

काझबेक एकदा म्हणाला, काका, तुझा बुरूज दाखव. मी म्हटलं, माझ्या गावाला वेस होती आणि आम्ही तिच्या बाहेर होतो. बुरूज असता तरी आम्हाला त्याच्या सावलीत बसू दिलं नसतं. बाप गाव सोडून कामठीला आला आणि पुन्हा तिकडे तोंड केलं नाही, मीही केलं नाही. त्याला ते समजायला वेळ लागला. मग म्हणाला, मग तू सुखी आहेस, तुला कुठे परत जायचं नाही. मी त्याला म्हटलं, गावाचं मला काही नाही, पण कामठीत माझा भाऊ होता.

होता, असं मी म्हटलं, कारण तोवर तो गेला होता. ते सांगून टाकतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं वाकू नका, रडू नका, ताण घेऊ नका सांगितलेलं. त्याच आठवड्यात माझा धाकटा भाऊ गेला. प्रशांतला त्याच दिवशी फोन आला होता. त्यानं मला सांगितलं नाही. घरात सगळ्यांना ताकीद दिली. मी रोज विचारी, आज भाऊचा फोन नाही आला, आणि सून म्हणायची, नेटवर्क नसेल बाबा. पुढे मीच कामठीला फोन लावला तर पुतण्या म्हणाला, मोठे बाबा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चांगला झाला, तुमच्या नावानं भंतेंना दान दिलं. मी विचारलं, कोणाचं पुण्यानुमोदन? आमच्यात माणूस गेल्यावरच ते करतात.

प्रशांतचं म्हणणं एकच, बाबा, तुमचं बीपी. मी म्हटलं, बीपी माझं आहे आणि भाऊही माझा होता. तो पोरगा वाईट नाही. त्यानं माझा डोळा वाचवला. पण ते मधले दिवस मी टीव्ही पाहिला, आंबे खाल्ले, आणि माझ्या भावाला माती देऊन लोक घरी परतले होते. ते दिवस मला कोणी परत आणून देऊ शकत नाही.

बावीस साली तिकडे रशियाची लढाई सुरू झाली आणि इकडून तिकडे जाणारी विमानं बंद पडली. फिरून फिरून जाता येत होतं, पण आत गेलेला माणूस बाहेर येईल का याची खात्री कोणी देईना. काझबेकनं त्या उन्हाळ्यात जायचं ठरवलं होतं. गेला नाही. फोनही धड लागेनात. रविवारी तो फोन समोर ठेवून बसायचा.

त्याच सालच्या हिवाळ्याआधी त्याच्या मुलीचं लग्न निघालं. मदिना. नवरा मुलगा ह्यूस्टनचा, त्यांच्यातलाच, म्हणून काझबेकचे पाय जमिनीवर नव्हते. इथे वाढलेल्या पोरीला आपल्यातला मुलगा मिळणं म्हणजे काय, ते आपल्या मंडळातल्या आईबापांना सांगायला नको. दुकानाशेजारचा गाळा रिकामा होता, तो एका दिवसासाठी घेतला. टेबलं लावली. पोळ्या आमच्याच भट्टीत, मधलं दार उघडं.

काझबेकनं त्या दिवशी त्यांचा जुना पोशाख घातला होता. काळा लांब झगा, कमरेला खंजीर, छातीवर काडतुसं ठेवायचे खिसे दोन्ही बाजूंना. काडतुसांना एवढे खिसे, पण फोनला एक नाही. म्हणून फोन त्यानं मुलाकडे, सोस्लानकडे दिला होता. सोस्लान कॉम्प्युटरवाला, हुशार, बापाचा जीव की प्राण.

मी प्रार्थनेच्या तीन पोळ्यांचं पीठ घेतलं होतं. दोन थापून भट्टीत गेल्या होत्या, तिसरीचा गोळा ओल्या फडक्याखाली होता. तेवढ्यात सोस्लान आत आला आणि त्यानं मधलं दार लावलं. मागोमाग झालिना आली. त्याच्या हातात काझबेकचा फोन होता. तो आईशी त्यांच्या भाषेत बोलला. मला त्यातला एकच शब्द कळला, बात्राज. आणि झालिनानं पदर नसताना पदर तोंडाला लावावा तसा हात लावला.

बात्राज दीड दिवसापूर्वी गेला होता. फोन लागत नव्हते म्हणून बातमी आता आली. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी माती देतात, म्हणजे उद्या.

सोस्लान माझ्याजवळ आला. म्हणाला, "काका, प्लीज. थ्री. लाइक ऑलवेज. पप्पाला मी उद्या सांगतो."

झालिना म्हणाली की लग्न एकदाच असतं, पोरीनं काय पाप केलंय. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या जागी माझी बायको असती तर तीही हेच म्हणाली असती. मी दोन पोळ्या भट्टीतून काढल्या, लोणी लावलं. बाहेर कोणीतरी बाजा वाजवत होतं. फडक्याखालचा गोळा मी उघडला आणि पुन्हा झाकला.

मला त्या वेळी काय वाटत होतं ते मी मोठं करून सांगत नाही. एवढंच की ती पोळी भाजून दिली असती तर तो माणूस भाऊ गेलेला असताना सूर्याचं नाव घेऊन हसत उभा राहिला असता, आणि उद्या त्याला कळलं असतं की घरातले सगळे पाहत होते. मग सोस्लानला माझ्या इंग्रजीत सांगितलं, "यू टेल हिम. यू टेल, आय मेक."

तो चिडला. आय ॲम हिज सन, म्हणाला. मी म्हटलं, माझाही सन आहे. तो म्हणाला की हे आमचं फॅमिली मॅटर आहे, काका. खरंच होतं ते. मी हात धुतले आणि स्टुलावर बसलो. झालिना टेबलापाशी गेली. तिला खांद्यामुळे थापता आलं नसतं, पण एका हातानं कसंतरी केलं असतं. तिनं फडक्याला हात लावला आणि तशीच राहिली. तिच्यानंही झालं नाही.

मग दार उघडून काझबेकच आला. पोळ्यांना उशीर का, लोक खोळंबलेत. मिशीला पीळ दिलेला, तोंडावर हसू. टेबलावर त्याला दोन पोळ्या दिसल्या. मग तिघांची तोंडं दिसली. सोस्लाननं घाईघाईनं सांगितलं की तिसरी होतेय, पाच मिनिटं. काझबेकनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बायकोकडेही नाही. माझ्याकडे पाहून विचारलं,

"काका. कोण?"

मी म्हटलं, "बात्राज."

तो मैद्याच्या पोत्यावर बसला. त्या काळ्या झग्यासकट. बाहेर बाजा चालूच होता. मग त्यानं सोस्लानला त्यांच्या भाषेत काही विचारलं, कधी, कसं, असं असावं. सोस्लान रडत सांगत होता. मी उठून बाहेर जाणार होतो, तर काझबेकनं हातानं खूण करून थांबवलं आणि विचारलं, तिसरी कुठे आहे. मी फडकं बाजूला केलं.

"भाज," तो म्हणाला. "मुलीसाठी भाज. आयुष्यभर मी बात्राजसाठी थांबलो. थोरला आधी जेवेल, थोरला आधी बसेल. आज तो थांबेल."

मी पीठ घेतलं. त्या दिवशी मला तोंड बंद ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. थापताना माझा हात नेहमीपेक्षा जड पडला आणि एका कडेला पीठ जाड राहिलं. ती पोळी माझ्या हातची चांगली नव्हती, हे मी इथे लिहून ठेवतो.

ती भट्टीत असताना काझबेक उठला आणि म्हणाला, मदिनाला यातलं काही कळता कामा नये, ती ह्यूस्टनला पोहोचेपर्यंत. मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. आताच मी ज्याच्यासाठी भांडलो, तोच आता मुलीपासून लपवायला सांगत होता. सोस्लाननंही माझ्याकडे पाहिलं, बघ म्हणून. मी एवढंच केलं, त्याच्या झग्याला मागून मैदा लागला होता तो लोण्याच्या कोरड्या ब्रशनं झटकून काढला.

मग तिन्ही पोळ्या एकावर एक रचून, सरकवून, सोस्लाननं उचलल्या आणि काझबेक पुढे गेला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. त्यानं पेला उचलला आणि प्रार्थना म्हटली. नेहमीच्यापेक्षा लहान नाही, मोठी नाही. पुरुष ओम्मेन म्हणाले. मदिना लाल झाली होती आणि हसत होती. पुढे तो मुलीबरोबर नाचलासुद्धा. त्यांचा नाच सावकाश असतो, पुरुष पंजांवर चालतो आणि बाई जमिनीवरून घसरत गेल्यासारखी जाते. टाळ्या वाजत होत्या. झालिना टाळ्या वाजवत नव्हती, पण तिचा खांदा दुखतो हे सगळ्यांना माहीत होतं.

सोस्लान माझ्याशी आजही नीट बोलत नाही. भेटला की हॅलो काका म्हणतो आणि गाडीची किल्ली शोधतो. त्याचं बरोबर असेल. उलट प्रशांतला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला दुकानात पायी गेलो. पुढचं दार बंद होतं म्हणून मागून गेलो. सोस्लान नवरानवरीला ह्यूस्टनला सोडायला गेला होता, झालिना घरी होती. मागच्या मोकळ्या जागेत, जिथे मैद्याचा ट्रक लागतो, तिथे काझबेक एकटा उभा होता. साधे कपडे, डोक्यावर काही नाही. समोर दुधाच्या क्रेटवर विटेला टेकवून फोन ठेवला होता. त्या दिवशी फोन लागला होता.

तिकडे अंगण दिसत होतं आणि अंगणात पुरुषांची रांग. त्यांच्यात माती द्यायच्या दिवशी घरातले पुरुष अंगणात ओळीनं उभे राहतात, सगळ्यांत वयानं मोठा आधी, आणि लोक येऊन एकेकासमोर थांबून जातात. रांगेत चुलते, पुतणे, शेजारी होते. काझबेक इकडे उभा राहून त्याच रांगेत होता. तिकडे संध्याकाळ पडत आली होती, इकडे ऊन वर येत होतं. माणसं फोनसमोर येत, थांबत, मान खाली करत, जात. तो प्रत्येकाला मान झुकवून उत्तर देत होता. त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या.

मी आत गेलो नाही. ॲप्रन हातात होता, तो क्रेटच्या कडेला ठेवला, टोपी काढली आणि त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यानं वळून पाहिलं. माझा दंड धरला आणि मला पुढे घेऊन आपल्या वरच्या अंगाला, फोनच्या जवळ उभं केलं. मी म्हटलं, इथे नाही. तो म्हणाला, तू मोठा आहेस. तिकडून एका म्हाताऱ्यानं काहीतरी विचारलं, हा कोण असंच असावं. काझबेकनं दोन शब्दांत सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

म्हाताऱ्यानं माझ्यासमोर मान खाली केली. मीही केली. मग पुढचा आला.